सांदवाडीचे खाते

(संस्थेच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी वक्ता नव्हे. उभे आयुष्य दुकानाच्या गादीवर बसून कापड मोजण्यात गेले. गिऱ्हाइकासमोर तागा उलगडताना जी वाणी चालते, ती ध्वनिक्षेपकासमोर चालेलच असा भरवसा नाही. संयोजकांनी विषय दिला 'माझ्या बालपणाचे ऋण'. त्यांना बहुधा आईवडील, गुरुजन, देवदर्शन, पाठशाळा असे काही अपेक्षित असावे. त्या ऋणांविषयी या सभागृहात पुष्कळांनी माझ्याहून उत्तम बोलून ठेवले आहे. मी आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांच्याविषयी या व्यासपीठावरून क्वचितच बोलले जाते. ते म्हणजे आमच्या घरामागील सांदवाडीतील सहा-सात वृक्ष.

आपल्या बार्शीटाकळीत कालंका देवीचे प्राचीन मंदिर आहे. त्यावर बाराव्या शतकातील शिलालेख आहे. दगडाची नोंद आठशे वर्षे टिकते आणि अभ्यासक येऊन ती वाचतात. घरामागील झाडाची नोंद कोणी ठेवत नाही. ते कोणी लावले, कधी लावले, कोणी तोडले, हे दोन पिढ्यांत विस्मरणात जाते. आमच्या झाडांची थोडी नोंद व्हावी, एवढाच माझा आजचा उद्देश आहे. त्यात माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीचीही नोंद येईल. ती टाळून बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमचे घर जुन्या वस्तीत. पुढे दुकान, मध्ये राहते घर आणि मागे सांदवाडी. नव्या पिढीला हा शब्दही परका झाला असेल. सांदवाडी म्हणजे घरामागची कुंपणाने घेरलेली मोकळी जागा. तेथे विहीर, गाईचा गोठा, न्हाणीघर, सरपणाचा ढीग आणि झाडे. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी शेवगा होता आणि त्याला लागून गोडलिंब. फोडणी कढईत पडली की आई दारातून हात बाहेर काढून पाने खुडून घेई, इतका तो जवळ. कुंपणालगत दोन सीताफळी, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेला एक जाम (पुण्याकडची मंडळी ज्याला पेरू म्हणतात तो), विहिरीशेजारी पारिजातक आणि विहिरीच्या कठड्यातूनच उगवलेला उंबर. या सर्वांच्या मधोमध, कुटुंबप्रमुखासारखा, एक विशाल निंब. आजी लग्न होऊन या घरात आली, त्याच पावसाळ्यात तिने तो लावला होता. म्हणजे आमच्या घरात तो आणि आजी बरोबरीने नांदले.

उंबराविषयी थोडे सांगतो, कारण त्यात आजीचा स्वभाव दिसतो. उंबर हे आपल्याकडे पंच उदुंबरांपैकी. त्याचे फळ आम्हांला वर्ज्य. मग ज्या झाडाचे फळ तोंडात घालायचे नाही, ते विहिरीचा कठडा फोडत असताना ठेवायचे कशाला, असे वडिलांनी एकदा आजीला विचारले. आजी म्हणाली, "आपुन नाही खात. पाखरं तं खातात नं!" वराहमिहिराच्या बृहत्संहितेत झाडांवरून भूगर्भातील पाणी ओळखण्याचा एक स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात उंबराचाही उल्लेख येतो. आजीला बृहत्संहिता ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण उंबर आहे तोवर विहीर आटत नाही, हे ती ठामपणे सांगे. १९७२ च्या दुष्काळात आमची विहीर तळाला गेली. तरी रोज पहाटे दोन-तीन कळशा पाणी झिरपून जमत असे. उंबरामुळे की खडकातल्या झऱ्यामुळे, हा निवाडा मी करणार नाही.

त्या दुष्काळाची आठवण निघालीच आहे तर सांगतो. मी तेव्हा तेरा वर्षांचा. रेशनवर परदेशातून आलेली 'मिलो' नावाची तांबडी ज्वारी मिळे. गावोगावची माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर जात. दुकानात दिवसभर बोहणी होत नसे, कारण ज्याच्या घरी दाणा नाही तो धोतरजोडी कशाला घेईल? विद्रूपा नदीच्या पात्रात केवळ वाळू उरली होती. भाजी बाजारातून दिसेनाशी झाली, तेव्हा आमच्या घरी शेवग्याच्या पाल्याची भाजी, शेवग्याच्या फुलांची भाजी आणि शेंगा लागल्या की शेंगांची आमटी, असा क्रम अनेक महिने चालला. शेजारच्या चार घरांतील बायाही पाला न्यायला येत. गाईला कडबा नव्हता. वडील निंबाच्या डहाळ्या छाटून तिच्यापुढे टाकत. ती प्रथम तोंड फिरवी, नंतर मुकाट्याने खाई. त्या वर्षी भांडी घासलेले पाणीसुद्धा आजी मोजून झाडांना घाली. कोणत्या झाडाला आज किती, हे तिच्या ध्यानात असे. आज मागे वळून पाहतो तेव्हा वाटते, त्या वर्षी आम्ही झाडांना जगवले हे खरे, पण देण्याघेण्याचा ताळेबंद मांडला तर शिल्लक झाडांच्याच बाजूला निघेल.

आजीचे काही दंडक होते. सूर्यास्तानंतर पान तोडायचे नाही. एकदा संध्याकाळी पाहुणे आले आणि आईने मला गोडलिंबाची डहाळी आणायला पिटाळले. आजी ओट्यावर बसली होती. म्हणाली, "झाड निजलं आता. काहून उठवतं त्याले?" त्या दिवशीची कढी गोडलिंबावाचून झाली. दुसरा दंडक असा की जाम हलवून पाडायचा नाही, हाताला येईल तेवढाच घ्यायचा. आपल्या मंदिरांतून षट्लेश्येचे चित्र लावलेले असते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. जांभळाच्या झाडाखाली सहा भुकेले पुरुष. एक झाड मुळापासून तोडायला निघतो, दुसरा खोडापासून, तिसरा फांद्या, चौथा घोस, पाचवा केवळ फळे तोडतो, आणि सहावा खाली पडलेली फळे वेचून तृप्त होतो. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतचा हा प्रवास पाठशाळेत आम्ही पाठ केला होता. पण तो समजला पारिजातकाखाली. पारिजातकाची फुले कोणी तोडत नाही, ती वेचायची असतात. रोज पहाटे मी आणि दादा, माझे थोरले बंधू, परडी घेऊन वाकलेले असू. त्या दहा मिनिटांपुरते आम्ही दोघेही चित्रातले सहावे पुरुष होतो. चित्रातल्या पहिल्या पुरुषाची जागाही पुढे आम्हीच घेणार आहोत, हे तेव्हा कोणाला माहीत होते?

आता निंबाकडे येतो. वऱ्हाडचा उन्हाळा आपल्याला सांगायला नको. एप्रिल लागला की दुकानाचे पत्रे तापत आणि दुपारी बारानंतर सगळे घर निंबाखाली हलत असे. आजी तेथे शेवया वाळत घाली, आई धान्य निवडी, वडील दुपारची वामकुक्षी घेत, आणि आम्ही मुले फांदीला दोर बांधून झोका घेत असू. मला कांजिण्या आल्या तेव्हा माझ्या अंथरुणावर निंबाचा कोवळा पाला पसरला होता आणि स्नानाच्या पाण्यातही तोच. गुढीपाडव्याला त्याचा मोहोर आणि कोवळी पाने गूळ-डाळीबरोबर वाटून घरोघरी जात. ज्येष्ठात निंबोळ्या पिकून अंगण पिवळे होई. पिकलेल्या निंबोळीचा गोडसर गर चोखून खाणे आम्हां मुलांना आवडे. त्यामागून येणारा कडूपणाही आवडे, हे आता नवल वाटते.

आमच्या धंद्यालाही निंबाचा आधार होता. कापडाच्या व्यापाऱ्याचा मोठा शत्रू म्हणजे कसर. रेशमी खण, शालू, लोकरीच्या शाली यांना ती लागली की माल मातीमोल होतो. वडील निंबाचा पाला सावलीत वाळवत, मांजरपाटाच्या पुरचुंड्यांत बांधत आणि प्रत्येक कपाटात, प्रत्येक पेटीत ठेवत. पाला वाळलेलाच हवा. मी शाळकरी असताना हुशारी करून एका पेटीत हिरवाच पाला टाकला. पंधरा दिवसांनी पेटी उघडली तेव्हा वरच्या शालूवर हिरवट-तपकिरी डाग उमटले होते. लग्नसराई तोंडावर आलेली. वडिलांनी मला मारले नाही. तो शालू त्यांनी आईला देऊन टाकला आणि रोजमेळात घरखर्चाला नावे लिहिला. आई तो सणासुदीला नेसत असे, डाग निऱ्यांच्या आत जाईल अशा बेताने.

पुढे डांबराच्या गोळ्या आल्या आणि पुरचुंड्या गेल्या. त्यानंतर कित्येक वर्षांनी मी वर्तमानपत्रात वाचले की निंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगाचे युरोपीय पेटंट १९९४ मध्ये अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस नावाची कंपनी यांना मिळाले होते. डॉ. वंदना शिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यास हरकत घेतली. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात आपल्याच महाराष्ट्रात, पुणे आणि सांगली जिल्ह्यांत, निंबाच्या अर्काचे शेतात प्रयोग झाले होते, त्याची साक्ष पुढे आली. २००० साली ते पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये कंपनीचे अपीलही फेटाळले गेले. बातमी वाचून मला वडिलांच्या पुरचुंड्या आठवल्या. त्यांनी त्याचे कधी पेटंट मागितले नाही. निंबानेही मागितले नाही.

मी अकोल्याला बी.कॉम. केले. सकाळच्या मीटरगेज गाडीने जायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे. परीक्षेच्या दिवसांत निंबाला पाठ टेकवून हिशेबशास्त्राचे पुस्तक वाचत असे. त्या शास्त्राचा पहिला नियम सर्व वाणिज्य पदवीधरांना तोंडपाठ असतो. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. हा नियम मी त्याच झाडाखाली बसून घोकला. त्या झाडाच्या जमेस मात्र माझ्या खतावणीत एक ओळही कधी पडली नाही.

आजी १९८३ साली गेली, वडील त्यानंतर सहा वर्षांनी. मग जे पुष्कळ घरांत होते तेच आमच्याही घरात झाले. १९९२ मध्ये दादांची आणि माझी वाटणी झाली. दुकान, माल, उधारी, भांडी, सर्व काही पंचांसमोर शांतपणे वाटले गेले. अडले ते सांदवाडीत. मोजणीची दोरी धरली तेव्हा ती नेमकी निंबाच्या बुंध्यावरून गेली. भिंत बांधायची तर झाड कोणाचे? दादा म्हणाले, चार हात तू मागे सर. मी म्हटले, तुम्ही सरा. चार हात जागेचे त्या काळी मोल ते काय? पण बोलाचाली इतकी वाढली की दोघांनाही झाड नको झाले. शेवटी पंचांनी सुचवले की झाड तोडा आणि लाकडाचे पैसे निम्मेनिम्म घ्या. आम्ही दोघांनीही मान डोलावली.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वृक्षांविषयी जो आदेश आहे, तो मी नंतर वाचला. आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेची आंबा, फणस यांसारखी झाडे तोडू नयेत, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झालेच असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन मग तोडावे, असा त्याचा आशय. राज्याला आरमार उभारायचे होते, तरी परवानगीची अट होती. आम्हांला एक वीटभिंत उभारायची होती. आणि धन्यास राजी करायचे तर धनी कोण? झाड लावणारी नऊ वर्षांपूर्वीच गेली होती.

झाड तोडले त्या दिवशी आई सकाळीच मंदिरात गेली. दिवसभर घरी आली नाही. परतली तेव्हा दिवस मावळला होता, म्हणजे जेवणाचा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी तिचा उपवास घडला. तो कोणत्या तिथीचा, हे दादांनी विचारले नाही आणि मीही विचारले नाही. आरामशीनवाल्याने अकराशे रुपये दिले. साडेपाचशे माझ्या वाट्याला आले. रोजमेळात मी ते 'किरकोळ जमा' म्हणून लिहिले. ती वही अजून माझ्याजवळ आहे.

भिंत झाली. माझ्या बाजूला मी पत्र्याचे गोदाम बांधले. त्यात जाम गेला, एक सीताफळी गेली. उंबर आणि विहीर दादांकडे गेली. बोअरवेल आल्यावर विहीर बुजवली गेली आणि उंबरही गेला. दोन्ही घरांचे येणेजाणे सणापुरते उरले. मुले मात्र भिंतीवर चढून एकमेकांशी खेळत.

पण निंबाचे मूळ जमिनीत शिल्लक होते. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीपलीकडे, दादांच्या बाजूला, तीन-चार हातांवर एक फुटवा निघाला. वहिनींनी त्याच्याभोवती विटांचे आळे केले आणि भांड्यांचे पाणी त्याला घालू लागल्या. मला हे दिसत होते. मी काही बोललो नाही. दहा वर्षांत तो भिंतीच्या वर आला. वीस वर्षांत त्याची फांदी माझ्या गोदामावर झुकली. पानगळीत पत्र्यावर पाला साचतो, पन्हाळी तुंबते, म्हणून मी एकदा कुरकुरही केली होती. वहिनींनी गडी पाठवून पन्हाळी साफ करून दिली, पण फांदी छाटू दिली नाही.

२०२० चा उन्हाळा आपण विसरलेलो नाही. टाळेबंदीने दुकान बंद. २६ मे रोजी अकोल्याचा पारा ४७.४ अंशांवर गेला. त्या दिवशी आमच्या भागातील वीज दुपारी गेली ती रात्रीपर्यंत आली नाही. घरात बसवेना. दादा तोपर्यंत मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते आणि घराची किल्ली माझ्याकडे ठेवली होती. मी कुलूप उघडून त्यांच्या सांदवाडीत गेलो आणि निंबाखाली सतरंजी टाकून बसलो. अठ्ठावीस वर्षांनंतर मी त्या मुळाच्या सावलीत बसलो होतो. माझी सौभाग्यवती, सून आणि नातू, सर्वच तेथे आले. नातवाने विचारले, "आजोबा, हे झाड आपलं आहे का?" या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर मला माहीत होते. मी ते दिले नाही.

मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लागू करावे लागले. शिकवणीच्या वेळा बदलल्या आणि कामगारांसाठी पाणी-पंख्याची सोय करण्याचे आदेश निघाले. प्रशासनाने योग्य तेच केले. मी मात्र आपल्या गल्ल्यांचा विचार करीत होतो. आपल्या जिल्ह्यात बोरगाव आहे, बाभुळगाव आहे, चिंचोली आहे, हिवरखेड आहे, पळसो आहे. पूर्वजांनी गावांना झाडांची नावे दिली. आम्ही घरांना 'वृंदावन', 'तरुछाया' अशी नावे देतो आणि अंगणात फरशी बसवतो. यात माझे स्वतःचे अंगणही आले. ही टीका मी कोणा दुसऱ्यावर करीत नाही.

आता शेवटची गोष्ट, जी अद्याप संपलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात दादांच्या अर्ध्या घराला गिऱ्हाईक आले. दादांचे वय झाले. ते परत येण्याची शक्यता कमी. व्यवहार माझ्यामार्फत ठरत होता. गिऱ्हाईक सज्जन आहे, भावही रास्त आहे. त्याची एकच अट, जागा मोकळी करून द्यावी. म्हणजे झाड काढून. इसाराची रक्कम तो माझ्याकडे ठेवून गेला.

त्या रात्री मी जुना रोजमेळ काढला. १९९२ च्या त्या पानावर 'किरकोळ जमा, रुपये ५५०' अशी माझ्याच हस्ताक्षरातील ओळ आहे. सकाळी दादांना फोन केला. गिऱ्हाइकाची अट सांगितली. मग म्हटले, "दादा, झाडाखालची जागा मी घेतो. तो जो भाव देतो त्याच भावानं. भिंत वाटेल तिथं घ्या. हवं तर मी चार हात मागे सरतो."

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. नवव्या मजल्यावर राहतात ते, तिकडे वाऱ्याचा आवाज सारखा येतो. मग त्यांनी विचारले, "निंबोळ्या लागतात का रे अजून?"

मी म्हटले, "लागतात. ज्येष्ठात अंगण पिवळं होते."

"पाहू," ते म्हणाले. "दिवाळीले येतो. मंग बोलू."

वहिनींनी फोन घेतला आणि आळ्यातली माती उकरून घ्यायला सांगितली. मी ती त्याच दिवशी उकरली. इसाराची रक्कम गल्ल्यात पाकिटात तशीच आहे. गिऱ्हाइकाला मी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितले आहे, आणि तो थांबला आहे. किल्ली माझ्याकडे आहे. सकाळी मंदिरातून परतताना मी एक बादली पाणी घालून येतो, आणि बहुतेक वेळा नातू सोबत असतो.